दाराचा दगड

प्रार्थनेत डोळे मिटायच्या आधी शेजारी बसलेल्या बाईच्या मनगटाकडे तुम्ही कधी पाहिलं आहे का? खरं सांगा. मी पाहत होते, दर रविवारी, न चुकता. आमच्या ख्रिस्ती मंडळीत बायका डावीकडे बसायच्या. पहिल्या गीताला टाळ्या सुरू झाल्या की कुणाच्या हातात काय आहे हे मला डोळे मिटूनही कळायचं, कारण मोकळ्या हातांची टाळी आणि काचेच्या बांगड्यांतून येणारी टाळी यांचा आवाज सारखा नसतो. आवाज आला की मी हळूच एक डोळा उघडायची आणि ती बाई शोधायची. देवासमोर बसून मी हे करत होते आणि यालाच भक्ती समजत होते. आत्मकथन लिहायचं माझं वय झालेलं नाही, असं पप्पा म्हणतात. खरंच झालेलं नाही. पण ही एक गोष्ट म्हातारपणापर्यंत पोटात ठेवायची माझी तयारी नाही.

आमचं घर केजला, तहसील कचेरीच्या मागच्या बोळात. पुढे पप्पांचा छापखाना, मागे दोन खोल्या. ट्रेडल मशीनचा खटाक-खट असा आवाज सकाळी सुरू व्हायचा तो दुपारच्या भाकरीला थांबायचा, आणि थांबला की कान उघडे पडल्यासारखं वाटायचं. घरभर शाईचा आणि रॉकेलचा वास. आई भाकरी थापायची तेव्हा तव्याच्या वासात तो वास मिसळायचा, आणि अजूनही कुठे ताजी छापलेली पत्रिका हातात आली की मला भूक लागते. पप्पा तालुक्यातल्या लग्नपत्रिका छापायचे. गणपतीचा एक शिशाचा ठसा होता, तो ते धुतलेल्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळून वेगळ्या खणात ठेवायचे. ख्रिस्ती माणसाच्या छापखान्यात हे कशाला, असं मंडळीतल्या कुणीतरी एकदा विचारलं होतं. पप्पा म्हणाले, ज्याची पत्रिका आहे त्याला तो प्यारा आहे, शाईच्या चिंध्यांत कसा टाकू? हे मला तेव्हा मिळमिळीत वाटलं होतं. पप्पांच्या विश्वासात जाळ नाही, असं मी आईला म्हणालेही होते. आईनं चुलीकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, जाळ पायजे तर इथं बस, भाकरी शेक.

लग्नपत्रिकांचे कापून उरलेले कागद पप्पा टाकत नसत. गुलाबी, पिवळे, फिकट हिरवे. त्यावर ते मंडळीसाठी पत्रकं छापायचे, एकाच बाजूला. मागची बाजू कोरी. आठवडी बाजारात ती वाटली जायची. मी अक्षरं शिकले ती या पत्रकांवर, शाळेत जायच्या आधी. गठ्ठ्यांवर झोपले, गठ्ठ्यांवर बसून जेवले. त्यामुळे माझी भाषाच तशी झाली. पत्रक कधी अडखळत नाही, कधी ‘मला वाटतं’ म्हणत नाही. ते थेट विचारतं: तू कुठे चालला आहेस? आज रात्री तुझा जीव गेला तर? मी मैत्रिणींशी असंच बोलायची. दहावीला वर्गात कुणी कॉपी केली तर मी बाकावर उभी राहायची. आमच्या पाळकांवरून, म्हणजे धर्मगुरूंवरून, पोरी मला ‘पाळकीणबाई’ म्हणायच्या आणि मला तो टोमणा न वाटता मान वाटायचा.

मंडळी भरायची ती गावाबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडात. दाराला कडी नव्हती. वारा सुटला की पत्र्याचं दार आपटायचं, म्हणून ते उघडं ठेवायला एक दगड होता, दोन्ही हातांत मावेल एवढा, एका बाजूनं गुळगुळीत. आम्ही पोरं त्याला दाराचा दगड म्हणायचो. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण. आदल्या संध्याकाळी आई काळ्या मनुका भिजत घालायची, सकाळी उकळून त्याचा रस गाळायची, आणि मीठ नसलेली, न फुगवलेली एक जाड चपाती भाजायची. ती चपाती पितळी ताटात पांढऱ्या रुमालाखाली जायची. ताट ओळीओळीनं फिरायचं. प्रत्येकानं तुकडा मोडून घ्यायचा.

आमच्याकडे एक नियम होता. बाप्तिस्मा झाला असला तरी ज्या बहिणीच्या अंगावर दागिना आहे, कपाळाला कुंकू आहे, हातात बांगडी आहे, तिच्यासमोरून ताट पुढे जायचं. शास्त्रात, म्हणजे बायबलात, बायकांच्या शृंगाराबद्दल एक वचन आहे; बाहेरच्या नटण्यापेक्षा आतल्या माणसाची शोभा देवाला मोलाची आहे, असा त्याचा भाव. आम्ही त्या वचनातला आतला माणूस सोडून दिला आणि मनगटं धरून ठेवली. आज हे लिहिताना मला दिसतं की आमची मोकळी मनगटं हेच आमचे दागिने होते. पांढरी साडी, रिकामा गळा, रिकामे हात. बाजारातून जाताना लोकांनी ओळखावं, या बाया वेगळ्या आहेत. मार्थाकाकू, म्हणजे बायकांच्या सभेच्या पुढारी, पांढऱ्या साडीला इतकी कडक इस्त्री करायच्या की त्या बसल्या की कागद मोडल्यासारखा आवाज यायचा. मी त्यांच्यासारखी व्हायला निघाले होते.

सोजरमावशी सगळ्यात मागे बसायची, चपलांच्या ढिगाजवळ. नवऱ्याला लकवा झाल्यावर तिनं डोक्यावर बांगड्यांची पाटी घेतली होती. केजचा बाजार, सिरसाळ्याचा बाजार, मधली खेडी, पार परळीच्या बाजूपर्यंत ती फिरायची. नवऱ्यासाठी प्रार्थना करून घ्यायला ती पहिल्यांदा शेडात आली, मग येतच राहिली, बाप्तिस्माही घेतला. गळ्यातली पोत तिनं नवऱ्याच्या औषधपाण्यात मोडली होती. हातात मात्र हिरव्या काचेच्या आठ-आठ बांगड्या. तिची टाळी सगळ्यांत मोठ्यानं वाजायची. दोन वर्षं ताट तिच्यासमोरून पुढे गेलं. ती दर वेळी ताटाकडे बघायची, मग हात जोडायची. मी एकदा तिला विचारलं होतं, मावशी, एवढं वाटतं तर काढत का नाहीस? ती हसून म्हणाली होती, बांगड्या इकणारीचाच हात मोकळा दिसला तर कोण भरून घील गं माझ्याकडून? आणि मालक जिता हाय माझा. मला ते पळवाटेसारखं वाटलं.

बारावीची परीक्षा संपली त्या उन्हाळ्यात मी माझं पहिलं पत्रक लिहिलं. नाव दिलं, ‘बहिणी, तुझे हात कुणाचे?’ एका बैठकीत लिहिलं. त्यात सोजरमावशीचं नाव नव्हतं, पण हिरवी काच होती, पाटी होती, मागची रांग होती. मन तयार असेल तर हाताला उशीर का, असं एक वाक्य त्यात होतं, त्याचा मला फार अभिमान होता. पप्पांनी चष्मा वर करून ते दोनदा वाचलं. मग विचारलं, “हे कुणाकडं बघून लिहिलंस?”

मी म्हणाले, वचनाकडे बघून.

पप्पांनी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायला घेतले. संध्याकाळी गुलाबी कागदाचा गठ्ठा दोरीनं बांधून माझ्या हातात दिला. तो गरम होता, दिवसभर पत्र्याखाली राहिल्यामुळे. तेव्हा त्यांनी तो दिला नसता तर, असं मी पुष्कळदा मनात म्हणते. पण ते माझं पाप त्यांच्यावर ढकलणं होईल.

पहिला रविवार होता. मी दारात उभी राहून पत्रकं वाटत होते. सोजरमावशीनं दोन्ही हात पुढे करून पत्रक घेतलं, कपाळाला लावलं आणि म्हणाली, रुतबाय, मला वाचून दाव की. तिला वाचता येत नव्हतं. हे मला माहीत होतं, पण लिहिताना आठवलं नव्हतं. मी वाचून दाखवलं. चपलांच्या ढिगाशेजारी उभं राहून, ठणठणीत आवाजात, अधूनमधून तिच्या हातांकडे बघत. आजूबाजूला बायका थांबल्या. ती लक्ष देऊन ऐकत होती, जसं पोथी ऐकतात तसं. मला वाटलं होतं ती चिडेल, निदान मान खाली घालेल.

“बरुबर लिवलंय,” ती म्हणाली. “कुणी लिवलंय?”

मी म्हणाले, मी.

तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. बांगड्या माझ्या कानापाशी वाजल्या. मग तिनं विचारलं, हात मोकळे केले तर आज तिला ताटातलं मिळेल का. मी म्हणाले, मिळेल. ती म्हणाली, मग पुढच्या महिन्यात घेते. बोटांच्या गाठी सुजल्या आहेत, साबण लावून घरी निवांत एकेक काढावी लागेल, जोरानं निघायच्या नाहीत. हे अगदी साधं बोलणं होतं. कुठल्याही माणसानं बरं म्हटलं असतं. मी म्हणाले, “मावशी, मन तयार असेल तर हाताला उशीर का?”

मागून मार्थाकाकू म्हणाल्या, लेकरू खरं बोलतंय.

सोजरमावशी पदर खोचून उंबऱ्यावर बसली आणि दोन्ही मनगटं पायरीवर ठेवली. मी दाराचा दगड उचलला. दार वाऱ्यानं आपटलं, कुणीतरी ते धरून ठेवलं. आई आत ताटावर रुमाल घालत होती, तिला हे दिसत नव्हतं. पाळकसाहेबांना दिसत होतं. त्यांनी एकदा बघितलं आणि गीतांच्या पुस्तकात डोकं घातलं. मी दगडाची गुळगुळीत बाजू खाली केली, एवढी काळजी मी घेतली, आणि मारला. काच फुटण्याचा आवाज लहान असतो. डाव्या हाताच्या पाच एका दणक्यात गेल्या, तीन राहिल्या, त्या पुन्हा. उजव्या हाताच्या वेळी एक तुकडा मनगटाच्या आतल्या बाजूला शिरला. रक्त आलं. ती ओरडली नाही. तोंडातल्या तोंडात एवढंच म्हणाली, “वाढवल्या मन, माय. फुटल्या मनू नको.” आमच्याकडे नवरा असलेल्या बाईची बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही, वाढवली म्हणतात.

त्या दिवशी ताट तिच्यासमोर थांबलं. उजव्या हाताला पदराची चिंधी बांधलेली, तिनं डाव्या हातानं तुकडा मोडला. तो तोंडात घातल्यावर ती बराच वेळ चावत नव्हती. ताट पुढे जायच्या आधी तिनं त्याच्या काठाला हात लावून काहीतरी पुटपुटलं. मार्थाकाकू रडत होत्या. मीही रडत होते, अभिमानानं. एका पत्रकानं एक जीव जिंकला, असं मी वहीत लिहून ठेवलं. ती वही अजून माझ्याकडे आहे. दर वेळी ते वाक्य वाचलं की मला तळहातात दगडाचं वजन जाणवतं. आपण इतके नीच होऊ शकतो आणि त्याच वेळी इतके आनंदात असू शकतो, हे मला कुणीच कधी शिकवलं नव्हतं.

महिनाही झाला नसेल, धर्मापुरीहून निरोप आला. माझ्या कुसुममावशीचे मालक शेतात काम करता करता गेले होते. आईचं माहेर आमच्या धर्मातलं नाही. मातीला आम्हाला पोचता आलं नाही, दहाव्याला गेलो. एसटीनं अंबाजोगाई, तिथून जीप. कुसुममावशी आईची धाकटी बहीण, दोन लहान लेकरांची आई.

पुरुष नदीवर गेले होते. घराच्या मागच्या अंगणात बायका गोल बसल्या होत्या, मधे कुसुममावशी. तिच्यासमोर सपाट दगड आणि वरवंटा मांडून ठेवला होता. मला काय होणार ते माहीत होतं. अंधश्रद्धेवर, विधवांच्या हालांवर मी तावातावानं बोललेली होते, आणि आत्ताही माझ्या डोक्यात एक पत्रक सुरू झालं होतं. ‘हे दगडांनो’ असं काहीतरी. तेवढ्यात एक म्हातारी म्हणाली, थांबा, सोजरा येऊ द्या, तिला सांगावा धाडलाय.

आणि सोजरमावशी आली. डोक्यावर पाटी नव्हती. हातात पाण्याचा तांब्या, साबणाची वडी आणि एक धुतलेला टॉवेल. मी आईच्या मागे सरकले. तिनं मला पाहिलं. नजर क्षणभर थांबली, मग पुढे गेली, जशी अनोळखी माणसावरून जाते. ती कुसुममावशीसमोर मांडी घालून बसली, तिचा हात मांडीवर घेतला, पाण्यानं भिजवला, साबण लावला आणि अंगठा तळहातात मुडपून एक बांगडी हळूहळू वर सरकवायला लागली. सोजरमावशी तिच्याशी काहीतरी बोलत होती, अगदी बारीक आवाजात. लहानपणी माझ्या डोक्यावर तेल घालताना आई बोलायची तसं ते होतं, ज्यात शब्दांना अर्थ नसतो. एक बांगडी अख्खी निघाली. तिनं ती टॉवेलवर ठेवली. मग दुसरी.

शेजारी बसलेल्या बाईनं माझ्या आईला सांगितलं, ही बाई आली की हाताला वरखडा नाही. चार-पाच गावांत आता बायका हिलाच बोलावतात. काढलेल्या बांगड्या फडक्यात बांधून त्या बाईच्याच ओटीत ठेवते. म्हणते, तुझ्या हायेत, ठीव, वाटंल तवा सांग. वर्ष-सहा महिन्यांनी एखादी सांगावा धाडते, तेव्हा भर दुपारी, पुरुष शेतात असताना येते आणि परत भरून देते. त्या बायका पदराखाली हात ठेवतात, पण भरून घेतात.

मी ऐकत होते आणि माझे कान तापत गेले. दोन वर्षं ही बाई चपलांच्या ढिगापाशी बसत होती आणि मी तिच्या बांगड्या मोजत होते.

तेवढ्यात म्हातारीचं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. म्हातारी जागची थोडी मागे सरकली. “सोजरे, तुझे हात कावून मोकळे? मालक...?”

“न्हाई मामी. घरी हायेत. सकाळी भाकर खाऊ घालूनच निगाले.”

“मंग?”

“वाढवल्या.”

“समद्या? आन् हे काय लागलंय?” मनगटाची चिंधी आता मळून काळी झाली होती.

सोजरमावशीनं कुसुममावशीचा हात सोडला. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. मला पक्कं वाटलं, आता तिचं बोट माझ्याकडे येणार. “साबण न्हवता त्या दिशी,” ती म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली.

म्हातारी अस्वस्थ झाली होती. नवरा असून मोकळ्या हातांची बाई म्हणजे अपशकुन, आणि तिच्याकडून पुढे कोण भरून घेणार, अशी कुजबुज सुरू झाली. बाजारातही तिच्या पाटीशी हल्ली कुणी बसत नाही, असं एक जण म्हणाली. म्हातारी म्हणाली, कशाला एवढा वेळ लावतीस, वरवंटा घे आणि मोकळी हो.

“न्हाई मामी,” सोजरमावशी म्हणाली. “आमच्या शेडात एक गोष्ट सांगतेत. एका बाईला दगड मारायला समदे निगालते. येशूनं मारू दिला न्हाई. ते ऐकलं तवापसून मी दगड लावू देत न्हाई.”

ती गोष्ट मी तिच्याबरोबरच ऐकली होती. त्याच शेडात, त्याच रविवारी. ती मागच्या रांगेत, मी पुढच्या. मला ती वचनासकट पाठ होती, एकदा स्पर्धेत बक्षीसही मिळालं होतं. मी उठले, अंगणाच्या कडेला गेले आणि ओकले. बायकांना वाटलं जीप लागली. आई माझ्यामागे आली. शेडात काय घडलं ते तिला नंतर कळलं होतं, पण त्या दिवसापर्यंत तिनं ते कधी काढलं नव्हतं. तिनं माझं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाली, तुझ्या बापानं विचारलं होतं तुला, कुणाकडं बघून लिहिलंस.

मला वाटलं होतं, हे दुरुस्त करणं सोपं आहे. मी तिच्याकडे जाऊन माफी मागेन, ती नव्या बांगड्या घालेल, बाजार परत सुरू होईल. मी गेलेही. तिच्या घरी नवऱ्याला भिंतीला टेकवून बसवलं होतं आणि ती त्याला शेंगदाण्याची चटणी कालवून भाकरी भरवत होती. पाटी कोपऱ्यात, तिच्यावर कापड. मी रडले, पाया पडले. ती म्हणाली, उठ, आधी भाकर खा. मी म्हणाले, मावशी, हात मोकळे ठेवायचा शब्द मी मागितला होता, मी तो परत करते, तू बांगड्या घाल. तिनं मान हलवली.

“तुला कुठं दिलाय? ताटाला दिलाय.”

त्या ताटाच्या काठाला हात लावून ती काय पुटपुटली होती ते तेव्हा मला कळलं. मंडळीनं मोकळी केल्याशिवाय ती घालणार नव्हती. म्हणून पुढच्या रविवारी मी शेडात उभी राहिले आणि धर्मापुरीचं सगळं सांगितलं. सोजरबहिणीचा धंदा मोडला आहे, तिला बांगड्या घालून ताटातलं घेऊ द्या, असं म्हणाले. बायका चुळबुळल्या. मार्थाकाकूंनी आपल्या शास्त्राच्या पानांतून एक घडी घातलेला गुलाबी कागद काढला आणि माझंच पत्रक मला वाचून दाखवलं. सावकाश, एकही शब्द न गाळता. मन तयार असेल तर हाताला उशीर का. मग म्हणाल्या, “माझ्या आईच्या हातच्या पाटल्या मी उतरवल्या तेव्हा तुझा जन्म नव्हता. तुला वाटतं, मला त्या नको होत्या?” मला त्यांचा राग आला नाही. माझ्या प्रत्येक वाक्याला त्यांच्याकडे माझंच वाक्य उत्तर म्हणून होतं. पाळकसाहेब म्हणाले, नियम एका माणसासाठी मोडता येत नाही.

बाजाराच्या दिवशी सोजरमावशी पाटी मांडून बसली होती. शेजारी भांड्यांचं दुकान, समोर मिरच्यांचे ढीग. बाया यायच्या, रंग बघायच्या, तिच्या मोकळ्या हातांकडे नजर गेली की पुढे सरकायच्या. मी जाऊन तिच्यासमोर बसले आणि हात पुढे केला. म्हणाले, “मावशी, भर.” ती म्हणाली, तुला ताटातलं देत्याल का मग? मी म्हणाले, नाही. तिनं माझा हात घेतला. माझ्या हाताला कधी बांगडी लागलेली नव्हती. तिनं हाडं दाबली, बोटं गोळा केली आणि एकेक करत दोन्ही हात कोपरापर्यंत भरले, हिरव्या, लाल, मोरपंखी. मी तिथेच, पाटीच्या शेजारी, हात मांडीवर ठेवून बसले. अर्ध्या तासानं एक नवी नवरी थांबली. तिनं माझा हात बघितला, सोजरमावशीचा नाही. “असल्याच दे,” ती म्हणाली.

उरलेला सगळा उन्हाळा मी बाजारात तिच्या शेजारी बसले. हात मी दाखवायचा, भरायच्या तिनं. रविवारी आम्ही शेडात जायचो. तिची जागा आता पुढे होती, मोकळ्या हातांच्या बायकांत. मी मागे, चपलांच्या ढिगाजवळ. गीताला टाळी वाजवली की सगळ्या शेडाला ऐकू जायचं मी कुठे आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी ताट माझ्यासमोरून पुढे गेलं. तिच्यासमोर थांबलं. तिनं तुकडा मोडला, आणि तो तोंडात न घालता मुठीत धरून ती उठली. सगळ्यांच्या देखत रांगांमधून मागे आली, माझ्यासमोर वाकली आणि त्या तुकड्याचे दोन केले. दार आपटत होतं. त्या दिवसानंतर दगड कुणी जागेवर ठेवला नव्हता. मी तो तुकडा घेतला. तिच्या मनगटाच्या आतल्या बाजूला पांढरा वण उठला होता, नखाएवढा.

सोजरमावशी आता बाजारात बसत नाही. तिच्या बोटांनी साथ सोडली आहे. मी अजून पत्रकं लिहिते, वेगळ्या गोष्टींवर, आणि आता छापण्याआधी ज्याच्याबद्दल आहे त्याला आधी वाचून दाखवते. पण ते गुलाबी पत्रक मेलेलं नाही. गेल्या महिन्यात कुठल्याशा गावच्या एका बाईनं ते मला मोबाईलवर पाठवलं, जुन्या कागदाचा फोटो, खाली ‘जास्तीत जास्त बहिणींपर्यंत पोचवा’ असं लिहिलेलं. माझे शब्द कुणाच्या तरी उंबऱ्यावर अजून दगड उचलत आहेत. म्हणून हे प्रकरण लिहिलं, आणि म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. ‘बहिणी, तुझे हात कुणाचे?’ हा कागद तुमच्या घरात, शास्त्राच्या पानांत, कुठल्या पेटीत सापडला तर तो फाडू नका, पुढेही पाठवू नका. त्याची मागची बाजू कोरी आहे. तिथे पेनानं लिहा: हे लिहिणारीनं एका बाईच्या हातावर दगड घातला, आणि त्या बाईनं तिला ताटातल्या आपल्या वाटणीचा अर्धा तुकडा दिला. मग ज्या बाईसमोरून तुमच्याकडे ताट पुढे जातं तिच्याजवळ जाऊन बसा. तिला वाचता येत नसेल तर दोन्ही बाजू वाचून दाखवा. वाचताना तिच्या हातांकडे बघू नका.